मेजर रामा राघोबा राणे : वाट मोकळी करणारा वीर

प्रतिवर्षी विजयादशमीस सीमोल्लंघन करून परतताना सोने म्हणून आपण एकमेकांस जे पान देतो, त्या वृक्षाचे व आपल्या आपटा गावाचे नाव एकच आहे. बाजारात त्या पानास मोल नाही. परंतु ज्या भावनेने ते दिले जाते, तिच्यामुळे त्यास सोन्याची योग्यता येते. परमवीरचक्र या पदकाचीही गोष्ट अशीच आहे. ते केवळ काशाचे. तथापि रणभूमीवर पराक्रम करणाऱ्या भारतीय सैनिकास त्याहून मोठा मान दुसरा नाही. हा मान आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील एका तरुणास शत्रूवर चालून गेल्याबद्दल नव्हे, तर रस्ता मोकळा केल्याबद्दल मिळाला. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

आपटा स्थानकावरून दक्षिणेस जाणारा लोहमार्ग रोह्यापुढे कोकण ओलांडून कारवारास पोहोचतो. त्या कारवारजवळील चेंडिया हे राणे यांचे गाव. दिनांक २६ जून १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील राघोबा राणे पोलीस खात्यात शिपाई असल्यामुळे वारंवार बदल्या होत, व मुलाचे शिक्षण निरनिराळ्या गावांच्या शाळांत झाले. १९३० सालच्या राष्ट्रीय चळवळीने हा बारा वर्षांचा मुलगा इतका भारून गेला की, वडिलांस काळजी वाटून त्यांनी कुटुंबास चेंडियास परत नेले.

१० जुलै १९४० रोजी राणे सैन्यात दाखल झाले. त्यांस मुंबईच्या इंजिनियर दलात, म्हणजे लोक ज्यास बाँबे सॅपर्स म्हणतात त्या पथकात, जागा मिळाली. या दलाचे ठाणे पुण्यानजीक खडकी येथे आहे. पूल बांधणे, रस्ते करणे, शत्रूने पुरलेले सुरुंग शोधून काढणे ही या सैनिकांची कामे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर राणे यांनी ही विद्या जपानी सैन्यासमोर पारखून घेतली. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

त्या वेळी काश्मीरात युद्ध पेटले होते. राजौरी हे गाव १९४७ च्या नोव्हेंबरात हल्लेखोरांच्या हाती पडले असून तेथील नागरिकांची मोठी कत्तल झाली होती. जे जिवंत राहिले होते, त्यांचे प्राण आपले सैन्य किती लवकर पोहोचते यावर अवलंबून होते. परंतु नौशेऱ्याहून राजौरीस जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, पूल उडवून व पाइन जातीचे मोठे वृक्ष आडवे पाडून बंद केला होता. रणगाडे तेथून पुढे जाणार तरी कसे?

८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी ११ वाजता राणे आपल्या तुकडीसह कामास आरंभ करणार, तोच तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले व स्वतः राणे धरून पाच जण जखमी झाले. अशा वेळी माघार घेतली असती तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी उरलेल्या माणसांची तत्काळ पुन्हा जुळणी केली, आणि रात्री १० वाजेपर्यंत मशीनगनच्या माऱ्यात रणगाड्यांसाठी वळणवाट खोदली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहापासून पुन्हा तेच काम. वाट तयार झाल्यावर ते सर्वांत पुढच्या गाडीत बसले. झाडांचा अडथळा आला की खाली उतरावे, तो सुरुंगाने उडवावा व पुढे जावे, असा क्रम अंधार पडेपर्यंत चालला. १० तारखेस पहाटे पावणेपाचास त्यांनी पुनश्च आरंभ केला. त्या दिवशी दुपारी रणगाडे चिंगस गावी पोहोचले. पण मागून येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता खुला व्हावा म्हणून राणे अन्न व विश्रांतीवाचून रात्री ९ वाजेपर्यंत राबत राहिले. ११ तारखेस रस्ता खुला झाला आणि १२ तारखेस सैन्य राजौरीत शिरले.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्राची स्थापना झाली व राणे यांस ते बहाल करण्यात आले. त्यांच्या गौरवपत्रात शत्रूच्या हानीचा उल्लेख आहेच. पण त्यासोबत, या धैर्यामुळे चिंगस व राजौरी येथील अनेक नागरिकांचे प्राण वाचले, हेही नमूद आहे. शौर्याचे मोजमाप करताना राष्ट्राने वाचलेल्या जिवांची गणना केली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकर या जन्माने युरोपीय व विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या विदुषीने काढली. तीवर इंद्राची चार वज्रे आहेत. वज्र घडले ते दधीची ऋषींनी लोकरक्षणार्थ दिलेल्या अस्थींचे!

१९४७-४८ च्या युद्धातील परमवीरांपैकी तिघांस हा मान मरणोत्तर मिळाला. राणे मात्र तो स्वहस्ते स्वीकारण्यास जिवंत राहिले. पुढे ते मेजरच्या हुद्द्यास चढले व सेवेतून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा उभा असून, २०२३ साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले.

बालमित्रहो, रणांगणाचा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. परंतु पाताळगंगेस पूर येतो, घरास आग लागते, कोणी बुडत असतो. अशा वेळी दुसऱ्याचा जीव वाचविणाऱ्यास आपले सरकार १९६१ सालापासून जीवनरक्षा पदक देत आले आहे, व ते सामान्य नागरिकासही मिळते. राणे सुरुंग काढावयास वाकले तेव्हा पदक अस्तित्वातही नव्हते. पलीकडे माणसे वाट पाहत आहेत, एवढेच ते जाणत होते. पुढील दसऱ्यास आपट्याचे पान हाती घ्याल, तेव्हा या वाट मोकळी करणाऱ्या वीराचे स्मरण अवश्य करा.