आबिड्सच्या दुकानापलीकडचा निजाम : महबूब अलींचं घोडवेड

नांदेड-देगलूरकडची माणसं हैदराबादला गेली की आबिड्सला एक चक्कर ठरलेलीच. हे नाव पडलं अल्बर्ट आबिड या व्यापाऱ्यावरून. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कपड्यालत्त्याची व्यवस्था तो पाहायचा, त्यानंच इथं दुकान थाटलं. म्हणून महबूब अलींचा विषय निघाला की कपडे आणि हिरे यांच्याच गप्पा. घोड्यांचं कुणी काढत नाही.

जन्म १८६६ चा. १८६९ मध्ये वडील गेले अन् अडीच वर्षांचं पोर गादीवर बसलं. कारभार सालारजंगांकडे. पूर्ण अधिकार मिळाले १८८४ मध्ये. त्या काळात त्यांच्याजवळ आले अफसर जंग. हे मूळचे आपल्या औरंगाबादचे, रिसाल्यात मुरलेले. गोळकोंडा लान्सर्स हे घोडदळ त्यांनी उभं केलं, पोलोत हैदराबादचं नाव केलं. स्वतः निजामही पक्के स्वार आणि शिकारी. मौला अलीला होणाऱ्या घोड्यांच्या शर्यती १८८६ मध्ये मलकपेठला आल्या त्या त्यांच्याच काळात. रेसकोर्स आजही तिथंच आहे. आपल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा, जिथं अजून घोडेबाजार भरतो, तो मुलूखही तेव्हा यांच्याच राज्यात.

पण मला अडतं ते १८८७ पाशी. सरहद्दीच्या संरक्षणासाठी निजामांनी इंग्रजांना ६० लाख रुपये देऊ केले. मी कॉमर्सवाला, त्यामुळं पहिला प्रश्न हाच की पैसा कुणाचा? मराठवाड्याचा शेतसारा त्यात होताच की! पुढं इंग्रजांनी वेगळीच योजना आणली. संस्थानांनी आपल्या खर्चानं फौज तयार ठेवायची, गरज पडली की ती साम्राज्याच्या कामी यायची. हैदराबादच्या वाट्याला घोडदळ आलं. म्हणजे दाणा-वैरण, नाल, खोगीर, मोतद्दारांचे पगार सगळं इथल्या खजिन्यातून, अन् लढाई कुठं ते लंडन ठरवणार. घोड्यांवर एवढा जीव असलेल्या राजाला स्वतःची लढाई लढायची मुभाच नव्हती.

ऑगस्ट १९११ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, फलकनुमा महालात ते वारले. ते घोडदळ परदेशी लढताना पाहायला ते राहिले नाहीत. पहिल्या महायुद्धात जोधपूर, म्हैसूरच्या स्वारांसोबत हैदराबादचे लान्सर्स पॅलेस्टाईनपर्यंत गेले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात जे तीन सैनिक उभे आहेत, त्यातला एक हैदराबादचा.