संविधानाच्या उद्देशिकेला चौकट देणारा जबलपूरचा चित्रकार

जबलपूर : देशभरातील शाळा, न्यायालये आणि सरकारी कार्यालयांत संविधानाच्या उद्देशिकेच्या मूळ पानाची नक्षीदार प्रतिकृती लावलेली दिसते. या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात राम अशी छोटी सही आहे. ती जबलपूरचे चित्रकार ब्यौहार राममनोहर सिन्हा यांची. त्यांच्या या चित्राच्या अगणित प्रती निघाल्या. चित्रकाराचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

सिन्हा यांचा जन्म 15 जून 1929 रोजी झाला. वडील ब्यौहार राजेंद्र सिन्हा हे हिंदीचे नामवंत अभ्यासक होते. राममनोहर यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले. ललितकला श्रेष्ठ आणि उपयोजित कला दुय्यम, हा भेद तेथे मानला जात नसे. अल्पना, रंगमंचाची सजावट, पुस्तकांची चित्रे यांना चित्रफलकाइतकाच मान होता. 1938 च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल यांनी ग्रामजीवनावर पोस्टर रंगविली आणि शिष्यांनी त्यांच्या प्रती तयार केल्या. चित्र सामान्य माणसापर्यंत नेण्याचे प्रत हे साधन ठरले.

हाच दृष्टिकोन संविधानाच्या कामी आला. सजावटीची जबाबदारी नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांवर आली, तेव्हा सिन्हा अवघे विशीचे होते. अजिंठा, वेरूळ, सांची, सारनाथ, महाबलिपुरम येथील शिल्पचित्रांचा त्यांनी अभ्यास केला. कमळ, हंस, मोर, नंदी, ऐरावत, वाघ आणि अश्व ही परंपरेतील रूपे त्यांनी उद्देशिकेच्या चौकटीत गुंफली. रूपे जुनी असली, तरी त्यांची मांडणी सिन्हा यांची स्वतःची होती.

इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी, तर हिंदी प्रतीचे वसंत कृष्ण वैद्य यांनी केले. मूळ हस्तलिखित संसदेच्या ग्रंथालयात सुरक्षित आहे. देहरादून येथे भारतीय सर्वेक्षण विभागाने फोटोलिथोग्राफीने त्याच्या 1000 प्रती छापल्या. पुढे 1976 मध्ये 42 व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेच्या मजकुरात भर पडली. सिन्हा यांच्या पानाच्या प्रतिकृतीत मात्र 1949 चाच मजकूर दिसतो.

1962 मध्ये अमेरिकेत जाहिरातींच्या क्षेत्रातून आलेल्या अँडी वॉरहॉल यांनी सूपच्या डब्यांची चित्रे कलादालनात मांडली आणि अस्सल व नक्कल यांतील सीमारेषेचा वाद पेटला. सिन्हा यांच्या पानाचा प्रवास नेमका उलट झाला. राष्ट्राच्या दप्तरासाठी घडलेली कलाकृती छापील प्रतींच्या रूपाने रोजच्या व्यवहारात आली. त्यामुळे तिचे मोल घटले नाही. झाकला गेला तो तिचा कर्ता.

सिन्हा यांनी पुढे चीनमध्ये तेथील चित्रपद्धतीचा अभ्यास केला आणि जबलपूरच्या शहीद स्मारकात भित्तिचित्रे साकारली. 25 ऑक्टोबर 2007 रोजी त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यलढ्याची ती भित्तिचित्रे पाहण्यासाठी जबलपूरलाच जावे लागते. उद्देशिकेचे पान मात्र गावोगावच्या भिंतींवर आहे, आणि कोपऱ्यातील ती छोटी सहीही.