दृष्टी मावळली, स्मरण उरले

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याला जाणारा मराठी वाचक वेळागरचा किनारा पाहून परत फिरत नाही. वि. स. खांडेकरांची शाळा कोणती, ही चौकशी तो हमखास करतो. १९२० साली एक कृश, प्रकृतीने नाजूक तरुण या गावात इंग्रजी शाळेचा शिक्षक म्हणून आला आणि तब्बल अठरा वर्षे तेथेच रमला.

विष्णु सखाराम हे त्यांचे मूळ नाव नव्हे. ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मलेल्या गणेश आत्माराम खांडेकरांना दत्तकविधानाने हे नाव मिळाले आणि त्यांचा संबंध सावंतवाडी संस्थानातील नानेलीशी जुळला. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट राहिले. पदवीवाचूनच ते शिरोड्यास आले. त्या काळी हे गाव म्हणजे मिठागरे, माड आणि दारिद्र्य. १९३० च्या मे महिन्यात येथेच मिठाचा सत्याग्रह झाला. खांडेकरांच्या लेखनातील ध्येयवाद अनेकांना आज भाबडा वाटतो. पण तो पुस्तकातून उचललेला नव्हता, हे शिरोडे पाहिल्यावर पटते. ‘हृदयाची हाक’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या याच काळातल्या. १९३८ मध्ये त्यांनी शिरोडे सोडले आणि कोल्हापूर जवळ केले. मास्टर विनायकांसाठी चित्रपटकथा लिहिल्या, १९४१ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

१९५९ मध्ये ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आलेला राजा पुत्राकडे तारुण्य मागतो, ही महाभारतातील कथा. या कादंबरीचा लेखक स्वतः वृद्धत्वाकडे झुकत असताना शरीराने त्याच्याकडून सर्वांत मोठे मोल मागितले ते डोळ्यांचे. जाड काचांच्या चष्म्याआडची दृष्टी क्षीण होत होत अखेरच्या वर्षांत पूर्णच गेली. १९७४ चे ज्ञानपीठ मराठीला प्रथमच मिळाले, ते या दृष्टिहीन लेखकाच्या रूपाने.

आजच्या वैद्यकाच्या नजरेने हा प्रसंग वेगळाच भासतो. डोळ्याच्या मागील बाजूचा दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, हा गर्भावस्थेत मेंदूच्याच ऊतीपासून तयार होतो. कवटी न उघडता पाहता येणारा तो मेंदूचा एकमेव भाग. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये त्यातील चेतातंतूंचा थर पातळ झालेला अनेक अभ्यासांत आढळला आहे. प्रकाशकिरणांच्या साहाय्याने हे थर मायक्रॉनमध्ये मोजणारे ओसीटी यंत्र आता मोठ्या नेत्ररुग्णालयांत असते. मात्र काचबिंदू, तीव्र लघुदृष्टी आणि निव्वळ वय यांमुळेही तोच थर झिजतो. म्हणूनच केवळ डोळा तपासून स्मृतिभ्रंशाचे निदान करता येत नाही. उलट दिशेनेही धागा आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत उपचारावाचून राहिलेल्या दृष्टिदोषाची नव्याने भर घातली. दिसेनासे झाले की वाचन थांबते, बाहेर जाणे थांबते, माणसे तुटतात. आणि मेंदूला मिळणारे खाद्य आटते, असा एक तर्क मांडला जातो.

खांडेकरांच्या घरी तसे घडले नाही. पाहणे थांबले तरी शब्द थांबले नाहीत. इतरांनी वाचावे, त्यांनी ऐकावे. त्यांनी सांगावे, लेखनिकाने उतरवावे. स्वहस्ते खोडून पुन्हा लिहिण्याची सवय असलेल्या लेखकाला वाक्य आधी मनातच पुरे करून मग उच्चारावे लागणे ही केवढी शिक्षा! आपल्या घरातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘आता या वयात कशाला’ म्हणून लांबणीवर टाकणाऱ्यांनी या शिक्षेचा क्षणभर विचार करावा. एका माणसाच्या उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरेच. पण डोळ्यांनी साथ सोडल्यावर त्यांच्याभोवती वाचून दाखवणारी, लिहून घेणारी माणसे उरली होती.

२ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मचरित्र १९८१ मध्ये प्रकाशित झाले. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, आणि शिरोड्याचा पत्ता बदलला.