परदेशातील मायलेकी

माहीकाठच्या सरदारपुरास राहणारे आम्ही ईस्टर आला की आपल्या गावच्या मंडळीची आठवण काढतो. लेकरे लहान असली म्हणजे सण अधिकच सुना वाटतो. अशा वेळी पंडिता रमाबाई आम्हांस धीर देतात.

त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. पुढच्याच वर्षी दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन बाई इंग्लंडास गेल्या. सोबतीण आनंदीबाई भगत तेथेच मरण पावली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरचा पहिला ईस्टर १३ एप्रिल १८८४ रोजी आला. तीन दिवसांनी मनोरमा तीन वर्षांची झाली. इतकी माणसे गमावलेल्या आईस रिकाम्या कबरेची वार्ता किती जवळची वाटली असेल!

बाई परक्यांच्या आश्रयास होत्या, तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही. लेकीस धर्माचे काय शिकवावे हे आईने ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून जेराल्डिन भगिनींशी मतभेद झाले. तरी बाई त्यांना आजीबाईच म्हणत.

१९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. बायबलचे भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी, ईस्टरच्या अकरा दिवस आधी, रमाबाई केडगावी प्रभूकडे गेल्या.

प्रिय वाचकहो, मंडळी दूर असो वा जवळ, पुनरुत्थानाची आशा लेकरांस प्रथम आपल्याच तोंडून कळावी.