ऑरिन इव्हान्स : काळ्या मुलांना त्यांचा सुपरहिरो देणारा पत्रकार



चित्रकलेच्या तासाला मुलांना 'तुमच्या मनातला सुपरहिरो काढा' असं सांगून बघा एकदा. मी चौथीच्या वर्गात सांगितलं होतं. पाचच मिनिटांत एका खडूवरून भांडण लागलं. फिकट गुलाबी रंगाचा तो खडू, ज्याला मुलं 'स्किन कलर' म्हणतात. प्रत्येकाला तोच हवा. आमच्या वर्गात त्या रंगाची कातडी असलेलं एकही मूल नाही, आणि त्यांच्या बाईही नाहीत! पण सुपरहिरोचा चेहरा रंगवायचा म्हटल्यावर तपकिरी खडूकडे कोणाचा हात गेला नाही. मुलांना दोष कसा देणार? त्यांनी पाहिलेले सगळे सुपरहिरो तसेच होते.

त्या दिवसापासून ज्या माणसाबद्दल लिहायचं मनात होतं, त्यांचं नाव ऑरिन क्रॉमवेल इव्हान्स. अमेरिकेच्या कॉमिक्सच्या आणि पत्रकारितेच्या इतिहासात हे नाव मानाचं आहे. आपल्याकडे सुपरमॅन घराघरांत पोचला, इव्हान्स मात्र पोचले नाहीत. म्हणून हा लेख. वरच्या वर्गातल्या मुलांना वाचून दाखवता येईल, पण आधी तुम्ही स्वतः वाचा.

इव्हान्स यांचा जन्म १९०२ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्टीलटन गावचा. नावाप्रमाणेच पोलादाच्या कारखान्याचं गाव. आई शिक्षिका. वडील वंशाने कृष्णवर्णीय, पण कातडी इतकी उजळ की परक्या माणसाला ते गोरेच वाटायचे. त्या काळात चांगली नोकरी मिळायची ती गोऱ्यांना. वडिलांनी नोकरीच्या ठिकाणी आपण गोरे असल्याचं भासवलं आणि नोकरी टिकवली.

आता पुढचं नीट वाचा. वडिलांचे गोरे सहकारी कधी घरी आले, तर शिकलेली, शिकवणारी आई त्यांच्यासमोर घरातली मोलकरीण असल्याचं सोंग करायची. आणि मोठा मुलगा ऑरिन, ज्याचा रंग बराच सावळा होता, त्याला मागच्या खोलीत लपून बसावं लागे. पाहुणे जाईपर्यंत आवाज करायचा नाही, बाहेर यायचं नाही.

पोट भरण्यासाठी माणसं काय काय करतात, त्याचा न्यायनिवाडा करणारी मी कोण? वडिलांवर मला राग काढता येत नाही. पण आपल्याच घरात, आपल्याच चेहऱ्यामुळे लपावं लागलेलं पोर पुढे काय करतं, हे बघण्यासारखं आहे. हे पोर वर्तमानपत्रात गेलं, जिथे रोज नाव छापून येतं.

शाळा लवकर सुटली. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी लेखणीची पहिली नोकरी धरली. मग 'फिलाडेल्फिया ट्रिब्यून' या वृत्तपत्रात आले. १८८४ पासून चाललेलं, कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी काढलेलं हे पत्र. तिथून १९३०च्या दशकात ते 'फिलाडेल्फिया रेकॉर्ड'मध्ये गेले, आणि ही उडी मोठी होती. 'रेकॉर्ड' हे गोऱ्यांच्या मालकीचं शहरातलं मोठं दैनिक. अशा पत्रांत काळा माणूस असलाच तर झाडलोटीला किंवा फार तर 'काळ्यांच्या बातम्या' आणायला. इव्हान्स मात्र इतर बातमीदारांसारखेच कुठल्याही विषयाच्या बातमीवर जाऊ लागले. असं काम करणारे ते अमेरिकेतले पहिलेच कृष्णवर्णीय बातमीदार मानले जातात.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. काळे तरुण सैन्यात भरती होत होते, मरतही होते, पण तुकड्या वेगळ्या, राहण्याची सोय वेगळी, वागणूक वेगळी. हुकूमशहाविरुद्ध लढायला निघालेलं सैन्य स्वतःच्याच शिपायांना वेगळ्या पंगतीला बसवत होतं. पंगत हा शब्द मी मुद्दाम वापरला, आपल्याला तो लगेच कळतो. इव्हान्स यांनी यावर लेखमाला लिहिली. १९४४ मध्ये ती अमेरिकी काँग्रेसच्या अधिकृत कामकाजात नोंदवली गेली. सैन्यातला हा भेदभाव संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो १९४८ मध्ये. एका लेखमालेने आदेश निघाला असं नाही, पण ज्यांनी तो विषय धरून ठेवला त्यांत इव्हान्स होते.

इथवरची गोष्ट एका चांगल्या पत्रकाराची झाली. मग कॉमिक्स मध्येच कुठून आलं?

त्यासाठी त्या वेळची कॉमिक्स कशी होती ते बघावं लागेल. १९३८ मध्ये सुपरमॅन आला, तो 'ॲक्शन कॉमिक्स' नावाच्या अंकातून. तेव्हाची कॉमिक्स म्हणजे आपल्या मुलांच्या दिवाळी अंकासारखी असत. एकाच अंकात पाच-सात वेगवेगळ्या कथा, कुठे सुपरहिरो, कुठे गुप्तहेर, कुठे विनोद. किंमत दहा सेंट, म्हणजे पोराच्या खिशातली. या अंकांमध्ये काळा माणूस अजिबात नसायचा असं नाही बरं का. असायचा, पण कसा? नायकाचा नोकर, घाबरट, जाड ओठांचा, मोडकं बोलणारा. 'द स्पिरिट' या गाजलेल्या मालिकेत एबनी व्हाइट होता. कॅप्टन मार्व्हलच्या कथांत स्टीमबोट नावाचा नोकर होता. हसायचं ते त्यांच्या चेहऱ्याला आणि बोलण्याला.

स्टीमबोटची एक हकिकत इथे सांगायलाच हवी, कारण ती शाळकरी मुलांची आहे. न्यूयॉर्कमधल्या 'युथबिल्डर्स' या विद्यार्थी गटातली मुलं १९४५ मध्ये थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेली आणि संपादकांना म्हणाली की हे पात्र बंद करा. संपादकांनी समजावलं की अहो, आम्ही गोऱ्यांचीही थट्टा करतो. तेव्हा एका मुलाने स्टीमबोटच्या चेहऱ्याचं मोठं केलेलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. आमची माणसं अशी दिसत नाहीत, पण तुमचे लाखो वाचक ती अशीच असतात असं समजतात, असा त्या मुलाच्या म्हणण्याचा अर्थ होता. स्टीमबोट बंद झाला! नागरिकशास्त्राच्या तासाला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

चुकीचं चित्र थांबलं, पण त्या जागी बरोबर चित्र कोण काढणार?

१९४७ च्या सुरुवातीला पत्रकारांच्या संपानंतर 'फिलाडेल्फिया रेकॉर्ड' बंद पडलं. इव्हान्स यांची नोकरी गेली. पंचेचाळिशीला आलेला, संसारी माणूस. दुसरा कोणी असता तर मिळेल ती नोकरी धरली असती. यांनी बंद पडलेल्या पत्रातले दोन गोरे सहकारी, संपादक हॅरी सेलर आणि क्रीडा विभागातले बिल ड्रिस्कॉल, यांना भागीदार केलं आणि कॉमिक्सची कंपनी काढली! काळ्या कथाकारांनी लिहिलेलं, काळ्या चित्रकारांनी काढलेलं, काळे नायक असलेलं कॉमिक. अमेरिकेत असं पुस्तक तोवर निघालेलं नव्हतं.

जून १९४७ मध्ये 'ऑल-निग्रो कॉमिक्स'चा पहिला अंक आला. ('निग्रो' हा शब्द तेव्हा सभ्य समजला जाई. आज तो अपमानकारक आहे, मुलांना हे आवर्जून सांगा.) साल लक्षात ठेवायला सोपं आहे. आपल्या स्वातंत्र्याला दोन महिने बाकी होते, आणि तिकडे दोनच महिन्यांपूर्वी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉल स्पर्धेत पहिल्यांदा उतरला होता. अंकाची पानं ४८, किंमत १५ सेंट. इतर अंकांपेक्षा पाच सेंट महाग, आणि गिऱ्हाईक बहुतेक गरीब वस्तीतलं. हे गणित अवघडच होतं.

आत काय होतं? एस हार्लेम नावाचा चतुर काळा गुप्तहेर होता. लहानग्यांसाठी 'ड्यू डिलीज' ही परीकथेसारखी चित्रकथा होती. शुगरफूट हा भटका गवई होता, चित्रविनोद होते. आणि होता लायन मॅन, म्हणजे सिंहपुरुष. हा काढला ऑरिन यांचे धाकटे भाऊ जॉर्ज इव्हान्स यांनी.

लायन मॅनपाशी जरा थांबूया. हा अमेरिकेत जन्मलेला, कॉलेज शिकलेला तरुण शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रसंघ त्याला आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानामध्ये पाठवतो. तिथल्या एका जादूच्या डोंगरात युरेनियमचा प्रचंड साठा आहे. तो वाईट माणसांच्या हाती लागला तर जगाचा नाश करणारा अणुबॉम्ब होईल, म्हणून त्याने तिथे पहारा द्यायचा. सोबतीला बब्बा नावाचा अनाथ, खोडकर पोरगा. हिरोशिमा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, हे ध्यानात घ्या. लायन मॅनला उडता येत नाही, डोळ्यांतून किरण निघत नाहीत. ताकद आहे, धैर्य आहे आणि डोकं आहे. काळ्या सुपरहिरोंच्या अगदी पहिल्या पिढीतला म्हणून त्याला आज ओळखतात.

आपल्यापैकी ज्यांचं बालपण 'इंद्रजाल कॉमिक्स'वर गेलं त्यांना वेताळ आठवत असेल. मीही मावशीकडे जाऊन गठ्ठेच्या गठ्ठे वाचलेत, आणि अजूनही तो मला आवडतो. पण तिथे कसं, की आफ्रिकेचं जंगल, काळी माणसं, आणि त्यांचा रक्षक पिढ्यान्पिढ्या गोरा. लहानपणी हे खटकलंसुद्धा नाही. लायन मॅनमध्ये डोंगर आफ्रिकेतला, आणि राखणदारही काळा. जगाची काळजी वाहण्याचं काम संयुक्त राष्ट्रांनी त्याच्यावर सोपवलेलं. १९४७ मध्ये, ज्या देशात काळ्या माणसाला अनेक ठिकाणी बसमध्ये मागे बसावं लागे, त्या देशात हे छापलं गेलं.

अंकात सगळंच उत्तम होतं असं मात्र मी म्हणणार नाही. एस हार्लेमच्या कथेतले गुंड ढगळ सूट घालून त्याच ठरावीक भाषेत बोलतात, जिची इतर कॉमिक्समध्ये चेष्टा होई. काही विनोद आज वाचवत नाहीत. लायन मॅनही अर्धा वेळ कातडं गुंडाळूनच फिरतो. पण नायकही काळे आणि खलनायकही काळे, शहाणे काळे आणि वेंधळेही काळे, असं झालं की एकाच पात्रावर अख्ख्या समाजाचं ओझं पडत नाही. एका अंकात अनेक कथा असण्याचा हा फायदा इव्हान्स यांना बरोबर कळला होता. 'टाइम' साप्ताहिकानेही या अंकाची दखल घेतली.

दुसरा अंक तयार होत होता. तेवढ्यात ज्याच्याकडून कागद घेतला होता, तो कागद विकेना. दुसऱ्याकडे गेले, तोही नाही म्हणाला. पैसे होते, चित्रं होती, कागद मिळेना. इव्हान्स यांच्या मते यामागे वर्णद्वेष होता, आणि मोठ्या प्रकाशकांचा स्वार्थही. कारण काळ्या वाचकांसाठी कॉमिक्स काढता येतात हे आता त्या मोठ्यांच्याही लक्षात आलं होतं. 'निग्रो हीरोज', 'निग्रो रोमान्स' अशी मासिकं त्यांनी त्या दोन-तीन वर्षांत बाजारात आणलीही. 'ऑल-निग्रो कॉमिक्स'चा दुसरा अंक कधीच निघाला नाही.

इव्हान्स पुन्हा वर्तमानपत्रात गेले. आधी 'चेस्टर टाइम्स', मग 'फिलाडेल्फिया बुलेटिन'. तरुण काळे पत्रकार त्यांना आपल्यातले वडीलधारे मानत. १९७१ मध्ये ते वारले. त्याआधी पाचच वर्षं, १९६६ मध्ये, मार्व्हलचा ब्लॅक पँथर आला होता. आफ्रिकेतला देश, तिथे दुर्मीळ धातूचा डोंगर आणि त्याचं रक्षण करणारा काळा, हुशार नायक. ते काढणाऱ्या दोघांनी लायन मॅन पाहिला होता का? तसा पुरावा नाही, म्हणून मी तसं म्हणत नाही. पण मुलांना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवा आणि त्यांना बोलू द्या.

२०१४ मध्ये इव्हान्स यांचं नाव कॉमिक्स क्षेत्रातल्या 'आयस्नर हॉल ऑफ फेम'मध्ये घेतलं गेलं. पंचाहत्तर वर्षांनंतर त्या एकुलत्या एका अंकाची नवी आवृत्ती निघाली आणि तिला २०२४ मध्ये आयस्नर पुरस्कारही मिळाला. मूळ अंकाचे हक्क आता खुले आहेत, त्यामुळे त्याची पानं वर्गात दाखवायला अडचण नाही. एस हार्लेमच्या कथेत खून आहे, ती लहान वर्गांना नको. 'ड्यू डिलीज' चालेल, लायन मॅन पाचवीपासून पुढे चालेल. इंग्रजी सोपं आहे, पण फुगे आधी मराठीत करून घ्या.

आणि सुरुवात मुखपृष्ठाच्या आतल्या पानापासून करा. तिथे प्रकाशकाचं वाचकांना पत्र आहे. या अंकातली प्रत्येक रेघ काळ्या कलावंताच्या हातची आहे, असं त्यात अभिमानाने सांगितलं आहे. मुलांना मागच्या खोलीची गोष्ट आधी सांगा, मग ते पान दाखवा आणि पत्राखालचं नाव त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा.