बाळू पालवणकर : चेंडू एकच, कप वेगळा

वाचण्याआधी
तुमच्या टीमचा कॅप्टन कसा निवडावा, असं तुम्हाला वाटतं? वहीत दोन ओळी लिहा. पाठ वाचून झाल्यावर त्या पुन्हा वाचा.

१. महिना तीन रुपये

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. धारवाड आज कर्नाटकात आहे. त्यांचं मूळ गाव मात्र कोकणातलं पालवण. गावाच्या नावावरूनच पालवणकर हे आडनाव आलं. वडील सैन्यात नोकरीला होते, त्यामुळे बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ पुण्यात वाढले. इंग्रज अधिकारी जुन्या बॅटी आणि चेंडू टाकून द्यायचे. तेच सामान घेऊन ही मुलं क्रिकेट शिकली.

हे कुटुंब चांभार समाजातलं. चामड्याच्या वस्तू बनवणं हा या समाजाचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय. त्या काळी या समाजाला 'अस्पृश्य' मानत. म्हणजे इतर जातींचे लोक त्यांना शिवत नसत, त्यांच्या हातचं पाणी पीत नसत आणि त्यांच्या पंगतीला बसत नसत. आता एक गोष्ट लक्षात घ्या : क्रिकेटचा चेंडू चामड्याचाच असतो!

बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबमध्ये. काम होतं मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून क्लबचे सभासद त्यांना गोलंदाजी करायला सांगत.

२. आठ आण्यांची विकेट

१८९२ च्या सुमारास बाळू इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये कामाला लागले. इथे पगार चार रुपये झाला. नेट लावायचं, खेळपट्टी तयार करायची, टेनिस कोर्टावर रेघा मारायच्या, अशी सगळी कामं ते करत. इंग्रज खेळाडू सरावाला आले की बाळू त्यांना चेंडू टाकत. ते डावखुरे फिरकी गोलंदाज होते.

या क्लबमध्ये ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर यायचे आणि तासन् तास बाळूंची गोलंदाजी खेळायचे. बाळूंनी बाद केलं की ग्रेग त्यांना दर वेळी आठ आणे द्यायचे, असं सांगतात. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. हिशोब करून बघा : महिन्यात आठ वेळा बाद केलं की दुसरा पगार हातात!

पण या क्लबमध्ये बाळूंना फलंदाजी कधीच करू दिली नाही. बॅट साहेबांच्या हातात, चेंडू नोकराच्या हातात, अशी तिथली पद्धत होती.

३. मैदानात आत, चहाला बाहेर

पुण्यातल्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचं होतं. इतका चांगला गोलंदाज गावातच होता, पण त्याला संघात घ्यायचं की नाही यावर वाद झाला. काही सभासद नको म्हणाले. शेवटी बाळूंना घेतलं.

मग काय झालं? मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हातात धरला. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे खेळाडू आत बसून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर दिला जाई. त्यांचा कपही वेगळा असे. मातीचा, वापरून फेकून द्यायचा. जेवणाचं ताट वेगळं, टेबलही वेगळं.

साताऱ्याच्या इंग्रज संघाविरुद्ध बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. ज्याच्यासोबत आपण खेळतो, त्याच्यासोबत जेवायला काय हरकत आहे, असा रानडे यांचा मुद्दा होता.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही अशीच भिंत होती. तिथे मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून खेळले आणि ती भिंत पडली. त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी बाळू पुण्यात खेळत होते.

४. मुंबईचा विजय

१८९६ नंतर पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. पुढे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली. इथल्या हिंदू जिमखान्यातही आधी वाद झाला, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू संघात आले. मुंबईत हळूहळू त्यांना संघातल्या इतरांबरोबर जेवायलाही बसता येऊ लागलं.

तेव्हा मुंबईत धर्मावरून संघ बनत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि नंतर मुस्लिम. आपल्या अल बर्शाच्या पाँड पार्कमध्ये लाहोर, कोची आणि कोलंबोची मुलं एकाच टीममध्ये खेळतात. त्यामुळे तुम्हाला हे विचित्र वाटेल. तेव्हा मात्र हेच सामने बघायला हजारो लोक येत.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियन संघाला शंभराहून जास्त धावांनी हरवलं. दुसऱ्या डावात बाळूंनी पाच गडी बाद केले. राज्य करणारे इंग्रज आपल्या माणसांकडून हरले, म्हणून देशभर आनंद झाला. बाळूंचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही या संघाकडून खेळले.

५. इंग्लंडचा दौरा

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू आणि शिवराम होते. बाळू तेव्हा पस्तिशीचे होते. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. लेस्टरशायर संघाला हरवलं त्या एकाच सामन्यात त्यांनी ११ गडी बाद केले.

ते परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र देणारा तरुण होता भीमराव आंबेडकर. पुढे भारताची राज्यघटना घडवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ते हेच.

६. न मिळालेलं कर्णधारपद

आता सगळ्यांत कठीण भाग. बाळू संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. मग कर्णधार का झाले नाहीत? दर वर्षी लोक हा प्रश्न विचारत आणि दर वर्षी दुसऱ्याच कुणाची निवड होई. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै स्वतः म्हणत, की हा मान बाळूंचा आहे.

१९२० साली तर बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळलंच. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी दि. ब. देवधर यांना नेमलं. शिवराम आणि विठ्ठल देवधरांपेक्षा जास्त अनुभवी होते. दोघांनी खेळायला नकार दिला आणि त्याचं कारण लोकांसमोर मांडलं. अंतिम सामन्याच्या वेळी पै बरे होऊन परत आले. बाळूंना उपकर्णधार केलं आणि त्यांचे भाऊही संघात परतले. त्या सामन्यात पै मुद्दाम मध्येच मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ संघ बाळूंनी सांभाळला.

कागदावर मात्र ते कधीच कर्णधार झाले नाहीत. १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला आणि संघ जिंकला. बाळूंना जे मिळालं नाही, ते त्यांच्या घरात आलं.

७. शेवटची वर्षं

खेळ थांबल्यावर बाळू राजकारणात आले. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत का, या प्रश्नावर १९३२ मध्ये त्यांचं आणि डॉ. आंबेडकरांचं पटलं नाही. बाळू गांधीजींच्या बाजूने होते. १९३७ ची मुंबई विधानसभेची निवडणूक त्यांनी काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध लढवली आणि ते सुमारे दोन हजार मतांनी हरले. ज्याच्या हातून मानपत्र घेतलं, त्याच्याच समोर उभं राहायची वेळ आली. दोघांनाही अन्याय संपवायचा होता, फक्त वाटा वेगळ्या होत्या.

४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर मुंबईत वारले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले. भारताने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ मध्ये. तोपर्यंत बाळूंचं खेळायचं वय निघून गेलं होतं.

शब्दार्थ
शिवणे – हात लावणे, स्पर्श करणे
पंगत – एकत्र जेवायला बसलेल्यांची रांग
खेळपट्टी – पिच
गडी बाद करणे – विकेट घेणे
डावखुरा – डाव्या हाताने खेळणारा
कर्णधार – संघाचा कॅप्टन
मानपत्र – सत्कार करताना दिलेलं कौतुकाचं पत्र
वगळणे – न घेणे, बाहेर ठेवणे

प्रश्न
१. पूना क्लबमध्ये बाळू कोणकोणती कामं करत?
२. चहाच्या सुट्टीत बाळूंना वेगळं कसं वागवलं जाई?
३. पै मैदानाबाहेर का गेले असतील? तुमच्या शब्दांत लिहा.
४. शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
५. सुरुवातीला लिहिलेल्या दोन ओळी वाचा. त्यात काही बदल करावासा वाटतो का? आई-बाबांशी मराठीत बोला आणि मग लिहा.