न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मुलांनो, ठाणे, मुंब्रा किंवा कल्याणहून तुम्ही लोकलने कधीतरी मुंबईला गेला असाल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर आले, की रस्त्यापलीकडे एक भव्य जुनी इमारत दिसते. ती अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेची आहे. या संस्थेसाठी आयुष्यभर झटलेल्या माणसांत एक नामवंत बॅरिस्टर होते. पुढे ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यांचे वडील तय्यबअली हे मूळचे खंबायतचे व्यापारी. आपल्या मुलांनी नवे शिक्षण घ्यावे, असे त्यांना मनापासून वाटे. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू व फारसी शिकले आणि मग एल्फिन्स्टन संस्थेत गेले. 1860 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते इंग्लंडला निघाले.

तिथे त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी अधू झाली, प्रकृती ढासळली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना घरी परतावे लागले. पण वर्षभराने ते पुन्हा बोटीत बसले! 1867 साली ते बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. बाकीचे सारे बॅरिस्टर त्या वेळी इंग्रज होते. त्यांच्यात या तरुणाने आपला जम बसवला.

1873 साली मुंबई महानगरपालिकेत करदात्यांनी आपले काही सभासद प्रथमच मतांनी निवडले. त्या निवडणुकीत बद्रुद्दीन निवडून आले. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन हे तिघे मिळून सार्वजनिक कामे करू लागले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. 1887 साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष म्हणून बद्रुद्दीन यांची निवड झाली. काँग्रेसचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष.

1895 साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. हे पद मात्र मतांनी मिळत नाही. अमेरिकेतील काही राज्यांत न्यायाधीशही निवडणुकीला उभे राहतात. आपल्याकडे त्यांची नेमणूक होते. तुमच्या ठाण्याच्या किंवा कल्याणच्या कोर्टात साक्षीदार तपासले जातात, पुरावा पाहिला जातो आणि पहिला निकाल लागतो. हायकोर्टाकडे आपण बहुधा त्यावरचे अपील घेऊन जातो. पण त्या काळी मुंबई शहरातील मोठे दावे आणि गंभीर गुन्ह्यांचे खटले मुळापासून हायकोर्टातच चालत.

असाच एक खटला 1897 साली आला. पुण्यात प्लेगची साथ होती. साथीच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड यांच्यावर जूनमध्ये गोळ्या झाडण्यात आल्या. सरकार संतापले. 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवून जुलैमध्ये त्यांना अटक झाली. टिळकांनी जामिनासाठी अर्ज केला. (जामीन, वकील, अर्ज, दावा, हुकूम हे मराठी कोर्टातले शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. उर्दूत ज्याला आपण जमानत म्हणतो, तोच हा जामीन.) मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांनीही तो मंजूर केला नाही.

4 ऑगस्टला पुन्हा अर्ज आला, तो न्यायमूर्ती तय्यबजींपुढे. टिळकांचे वकील होते दिनशा दावर. तय्यबजी आणि टिळक यांचे राजकीय विचार जुळत नव्हते. शिवाय सरकारचा रोष सर्वांना दिसत होता. तय्यबजींनी कायद्याकडे पाहिले. जामीन कशासाठी असतो? आरोपीने खटल्याच्या दिवशी हजर राहावे यासाठी. टिळक पळून जातील, असे मानायला काही कारण नव्हते. उद्या ते निर्दोष ठरले, तर महिनाभर भोगलेली कैद त्यांना कोण परत करणार? त्यांनी जामीन मंजूर केला.

त्यामुळे टिळकांना बचावाची तयारी करायला महिनाभर मोकळेपणा मिळाला. कलकत्त्याहून त्यांच्यासाठी बॅरिस्टर आले. खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष. अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

न्यायाधीश झाल्यावरही बद्रुद्दीन यांचे लक्ष शाळांकडे होतेच. अंजुमनची पहिली शाळा 1880 साली निघाली होती. 1890 पासून अखेरपर्यंत ते संस्थेचे अध्यक्ष होते. मुलींनी शिकावे असा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी घरापासून पाळला. 1903 साली मुंबईच्या मुस्लिम शिक्षण परिषदेत अध्यक्ष म्हणून ते पडद्याच्या चालीविरुद्ध बोलले. पुष्कळांना ते आवडले नाही.

19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जीनांनी केला. न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते, 1897 साली टिळकांसाठी जामीन मागणारे तेच दिनशा दावर. त्यांनी अर्ज नामंजूर केला.